विम्याच्या अर्जातला अकरावा प्रश्न

नेद्यालकाच्या स्वयंपाकघरात देवमातेच्या तसबिरीमागे एक निळा लिफाफा होता. नोव्हेंबरपासून. तसबिरीपुढचा दिवा ती रोज पुसायची, तेल घालायची, वात सारखी करायची. पण तसबीर मात्र जागची हलवायची नाही. जळमटं धरली तरी नाही. लिफाफ्यात तर्नोवोच्या इस्पितळातून मिळालेला तिच्या सासऱ्यांचा कागद होता. त्यावर काय लिहिलंय ते घरात दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि तिच्या नवऱ्याला, स्तोइलला. ज्यांच्या पोटाबद्दल तो कागद होता, त्यांना नाही.

यात नवल काहीच नव्हतं. आमच्या द्र्यानोवोत, बल्गेरियातल्या या गावात, कुठल्याही घरी असंच होतं. डॉक्टर आजाऱ्याला सांगतात, व्रण आहे, गोळ्या घ्या, तेलकट टाळा. आणि मग घरच्यांना व्हरांड्यात बोलावून खरं काय ते सांगतात. व्हरांड्यात ऐकलेलं तिथंच गिळायचं, तोंड धुवायचं आणि हसऱ्या चेहऱ्यानं आत जायचं. जठरात गाठ आहे, यकृतापर्यंत पोचली आहे, या वयात चिरफाड करण्यात अर्थ नाही, वर्षभर मिळेल, फार तर दीड, एवढं सगळं ऐकून नेद्यालका आत गेली आणि म्हणाली, "चला मामंजी, घरी जायचं. साधा व्रण आहे."

"मग एवढा वेळ काय बोलत होता तो?"

"पथ्यपाणी सांगत होते."

"पथ्यपाणी मला सांगायला काय झालं होतं त्याला?"

"तुम्ही ऐकता का कुणाचं?"

मामंजी हसले, आणि विषय संपला. इतकं सोपं गेलं ते, की नेद्यालकाला स्वतःचीच भीती वाटली.

तिचं वय तेव्हा चोपन्न. बाविसाव्या वर्षी ती डोंगरापलीकडच्या खेड्यातून सून होऊन या घरात आली. सुताच्या गिरणीत होती, गिरणी बंद पडल्यावर घरीच राहिली. अक्षर मोत्यासारखं, म्हणून सगळ्या गल्लीचे कागद तिच्याकडे यायचे. कुणाच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज, कुणाची विजेच्या बिलाची तक्रार, चर्चमध्ये वाचायच्या दिवंगतांच्या नावांच्या याद्या. बुधवार-शुक्रवारचा उपवास तिनं कधी मोडला नाही, आणि कुणाच्या कागदावर कधी खोटी ओळ लिहिली नाही. निदान त्या हिवाळ्यापर्यंत तरी.

सासरे, लाझार, सत्त्याहत्तर वर्षांचे. छत्तीस वर्षं रेल्वेत, त्यातली शेवटची एकोणीस घाटातल्या एका लहानशा स्टेशनावर स्टेशनमास्तर. लाल टोपी जाऊन जमाना झाला होता, पण सवय गेली नव्हती. छापलेलं काहीही हातात आलं की कोटाच्या खिशातून भिंग बाहेर यायचं. मुरंब्याच्या बरणीवरचं लेबल, विजेच्या बिलाची मागची बाजू, औषधाच्या डबीतली बारीक अक्षरांची चिठ्ठी, सगळं वाचायचे. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की पायरीवर बसकण मारायचा. म्हणायचा, "वहिनी, कॉफी टाका. मास्तर पावती वाचताहेत." न वाचता सही करायची म्हणजे मामंजींच्या लेखी समोरून गाडी येत असताना हिरवा दिवा दाखवण्यासारखं होतं.

फक्त एक कागद ते वाचत नसत, इस्पितळाचा. त्याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी सासूबाई, गिना, आजारी पडल्या, तेव्हा व्हरांड्यात मामंजींना बोलावलं होतं. तेही तोंड धुऊन हसत आत गेले होते. सासूबाईंना जेरुसलेमला जायचं होतं. स्वतःसाठी तिथलं कफन आणून पेटीत ठेवायचं होतं, आणि जाऊन आलेल्याला आमच्याकडे म्हणतात तसं लोकांनी 'हाजी गिना' म्हणून हाक मारलेली ऐकायची होती. "येत्या ईस्टरला जाऊ," त्या म्हणायच्या. "येत्या ईस्टरला," मामंजी म्हणायचे. आणि कणीक मळता मळता नेद्यालकाही म्हणायची, "हो हो, सासूबाई, येत्या ईस्टरला नक्की!" सासूबाई नाताळच्या आधीच गेल्या. घाई करायला हवी हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दफनावरून परतल्यावर मामंजींनी इस्पितळाचे सगळे कागद सुनेच्या हातात दिले आणि म्हणाले, "आजपासून हे खातं तुझं. बाकी जगातलं काय वाचायचं ते मी वाचीन."

तर त्या जानेवारीत पाद्रीबाबांनी चर्चमध्ये जाहीर केलं, की पाम रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, आठवड्यात इथून एक जथा जेरुसलेमला जाणार. पहिलं नाव मामंजींनी दिलं. "गिनाच्या वतीनं जाऊन येतो," म्हणाले. "आणि माझा नामदिन, माझ्या नावाच्या संताचा दिवस, आदल्या शनिवारीच येतो. लाझारचा शनिवार थेट लाझारच्या गावात!"

नेद्यालकानं चोरून डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, "जाऊ द्या. उन्हाळ्यानंतरचं मी काही सांगू शकत नाही. पण विमा नीट बघून घ्या बाई, अगदी नीट."

जथ्याचा विमा प्रवास कंपनीच काढणार होती, पण तो सत्तरीपर्यंतचा. पुढच्या वयाच्यांनी आपापला बघायचा. पाद्रीणबाईंनी तीन पत्रकं आणून दिली. नेद्यालकानं ती स्वयंपाकघरात टेबलावर मांडली आणि चष्मा लावून बसली.

पहिलं सरळ बाजूला गेलं. पंचाहत्तरीवर ते कुणाला घेतच नव्हते. दुसऱ्यात काही विचारपूस नव्हती. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, झालं. बारीक अक्षरांत एवढंच होतं, की आधीपासूनच्या कुठल्याही आजारावर खर्च मिळणार नाही. तिसऱ्यात मिळणारी रक्कम दुप्पट होती, बल्गेरियन बोलणारा माणूस दिवसरात्र फोनवर, दवाखान्यातून दवाखान्यात न्यायची सोय, आणि आधीचा आजार सांगितलेला असेल, डॉक्टरांचं पत्र जोडलेलं असेल, तर तो अचानक उसळल्यावरचा तातडीचा खर्चही. पण त्याला चार पानांचा अर्ज होता. आजारांचे अठरा प्रश्न, आणि खाली प्रवाशाची सही.

तिसरा विमा जणू मामंजींसाठीच छापला होता, आणि तोच नेमका त्यांच्यापुढे ठेवता येत नव्हता.

तिनं दुसरं पत्रक तेवढं उचललं आणि खाली मामंजींच्या खोलीत गेली. "हे बरं दिसतंय, मामंजी. झंझट नाही काही."

"तीन होती ना?"

"ती दोन काही खास नाहीत."

"आण तर खरं. बघू दे."

आणली. मामंजींनी भिंग काढलं. तासभर वाचलं, मागची बाजूही. मग दुसऱ्या पत्रकावर बोट आपटलं. "हा काही विचारतच नाही. का विचारत नाही? कारण याला द्यायचंच नाही काही. ब्रेक न तपासता गाडी सोडणारा माणूस असतो ना, तसला हा. आणि हा तिसरा बघ, अठरा प्रश्न! आजोळच्या नातेवाइकासारखा खोदून खोदून विचारतो. जो विचारतो, त्याला आपलं काम कळतं. हाच घ्यायचा."

"पण मामंजी, एवढे प्रश्न..."

"मग? मला काय लपवायचंय?"

नेद्यालका पत्रकं गोळा करून वर आली.

संध्याकाळी स्तोइल कामावरून आला. त्याला सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "मग भर ना. सगळ्याला 'नाही' लिही. सगळे तेच करतात."

"सही त्यांची असेल, स्तोइल. आणि ते वाचणार."

"वाचू दे की. त्यांना काय माहीत आहे? त्यांच्याकडून खोटं होतच नाही."

"त्यांच्याकडून नाही होत," नेद्यालका म्हणाली. "मग कुणाकडून होतं?"

"नेदे, डोकं खाऊ नकोस. बाबांना ते नाव ऐकवायचंय का तुला? ऐकव. आठवड्यात अंथरूण धरतील ते." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "जाऊ दे गं त्यांना. आनंदात जाऊ दे."

तो वाईट माणूस नव्हता. त्याचेही वडीलच जाणार होते.

गुरुवारी मामंजी आणि नेद्यालका विमा एजंट त्सोन्काकडे गेले. चांभाराच्या दुकानाला लागून तिची काचेची खोली. एरवी ती गाड्यांचेच विमे काढते. मामंजींना पाहून तिनं उठून खुर्ची पुसली. "या काका! जेरुसलेमला निघालात म्हणे. आल्यावर आम्ही हाजी म्हणायचं का?"

"आधी जाऊ तर दे. अर्ज आण."

"मी भरते ना, तुम्ही फक्त सही..."

"त्सोन्के, तुझ्या बापानं माझ्या स्टेशनावर पॉइंट्समन म्हणून काम केलंय. त्याला विचार, मी फक्त सही करतो का ते."

मामंजी प्रश्न मोठ्यानं वाचत होते आणि उत्तरं स्वतःच्या हातानं लिहीत होते. हृदयविकार? नाही. मधुमेह? नाही. गेल्या वर्षात इस्पितळात दाखल? "हो. तर्नोवो, नोव्हेंबर. कशासाठी? जठरातला व्रण." त्यांनी 'व्रण' असं ठसठशीत लिहिलं आणि सुनेकडे पाहिलं. "बरोबर ना?"

"बरोबर," नेद्यालका म्हणाली.

मग अकरावा. "अर्जदाराला गाठ, कर्करोग किंवा तत्सम आजाराचं निदान झालं आहे का?" मामंजींनी भिंग खाली ठेवलं. "नाही! देवाची कृपा. पोट दुखतं अधूनमधून, पण ते काय, व्रणाचं."

"लाकडाला हात लावा, काका, लाकडाला!" त्सोन्का म्हणाली आणि तिनं स्वतः टेबलावर तीनदा टकटक केली. मामंजींनी केली. मग दोघंही नेद्यालकाकडे बघायला लागले, तशी तिनंही मूठ वळली आणि टेबलावर तीनदा मारली. टेबल लाकडाचं नव्हतंच, वरचा पापुद्रा तेवढा लाकडासारखा होता. ते तिला त्याच क्षणी दिसलं, आणि पुढं कितीतरी दिवस दिसत राहिलं.

शेवटी खाली ठळक अक्षरांत होतं, वरील माहिती खरी आहे, काही लपवलं असल्यास विमा रद्द होईल. मामंजींनी ते दोनदा वाचलं. "असंच पाहिजे," म्हणाले. आणि छत्तीस वर्षं गाड्यांच्या वहीत करत आले होते तीच लांब सही त्यांनी केली, शेवटच्या अक्षराची शेपटी पार कडेपर्यंत ओढून.

शुक्रवारी नेद्यालका एकटीच त्सोन्काकडे गेली. यीस्ट आणायचं निमित्त होतं.

"त्सोन्का, एक विचारू? समजा, एखाद्याला स्वतःलाच माहीत नसलं, आपल्याला काय आहे ते?"

त्सोन्कानं पेन खाली ठेवलं. या गावात असा प्रश्न कुणी विचारला की पुढचं विचारावं लागत नाही. "वहिनी," ती हळू आवाजात म्हणाली, "काका?"

नेद्यालका पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला लागली.

"अरे देवा. वहिनी, तसं असेल तर या विम्याचा उपयोग नाही. काही झालं की कंपनी सगळ्यात आधी इस्पितळाकडून कागद मागवते. लपवलेलं निघालं की सगळंच रद्द. तिथं पाय घसरून हाड मोडलं तरी छदाम मिळायचा नाही."

"अर्ज गेला का?"

"नाही. सोमवारी दुपारी सगळे एकदम पाठवते." तिनं खणातून एक कोरा अर्ज काढून नेद्यालकाच्या पिशवीत सरकवला. "मी काही बघितलेलं नाही. तुम्ही बघा."

शनिवारी घरात कुणी नसताना नेद्यालकानं तो अर्ज भरला. मोत्यासारख्या अक्षरात. अकराव्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं, आजाराचं नाव लिहिलं, इस्पितळाच्या कागदावरून बघून बघून. सगळं खरं. राहिली सही. वर्तमानपत्राच्या कडेला तिनं ती लांब शेपटीची सही गिरवून पाहिली. चौथ्यांदा इतकी हुबेहूब उतरली, की तिनं पेन टाकूनच दिलं. एकीकडे मामंजींच्या खऱ्या सहीखाली खोटं, इकडे खोट्या सहीवर खरं. आणि दोन्हीकडे हात तिचाच. तिनं वर्तमानपत्र चुलीत घातलं, अर्ज तसाच, बिनसहीचा, तसबिरीमागं निळ्या लिफाफ्याला चिकटवून ठेवला. देवमातेच्या डोळ्यांना डोळा न देता तिनं दिव्यात तेल घातलं. थोडं सांडलं.

रविवार क्षमेचा. मोठ्या उपवासाआधीचा शेवटचा दिवस. चीज घातलेली, पातळ पोळ्यांच्या थरांची बनित्सा, उकडलेली अंडी, अक्रोडाचा पांढरा हलवा. त्या दिवशी धाकट्यांनी थोरल्यांकडे जायचं, संत्रं द्यायचं, हात चुंबायचा आणि माफी मागायची. थोरल्यांनी माफ करायचं. कशाबद्दल, हे कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. मनात वर्षाचं जे काही साठलेलं असेल ते त्या दोन वाक्यांत वाहून जातं आणि माणूस हलका होऊन उपवासाला बसतो. नेद्यालका लहानपणापासून या दिवसाची वाट बघायची.

मामंजी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून खाली टेबलाशी बसले होते. स्तोइलनं संत्रं दिलं, हात चुंबला. "माफ करा, बाबा."

"देव माफ करो. माझ्याकडून माफ आहे. आता वेळेवर बिलं भरत जा म्हणजे झालं."

मग नेद्यालका वाकली. "माफ करा, मामंजी."

"देव माफ करो, पोरी. माझ्याकडून माफ आहे तुला. तुला कशाची माफी लागते म्हणा..."

झालं होतं. इतकं सोपं. व्हरांड्यातून आत आल्यावर झालं होतं, तितकंच सोपं. तिनं मामंजींचा हात सोडला नाही. हात सोडला असता, तर ती माफी घेऊन वर जाता आलं असतं. पण ती माफी तिला खिशातून उचलल्यासारखी वाटली, झोपलेल्या माणसाच्या.

"कशाबद्दल ते विचारा ना, मामंजी."

"विचारत नसतात गं."

"मला विचारा."

"नेदे!" स्तोइल ओरडला.

ती वर गेली. तसबीर हलवली. भिंतीवर तिच्यामागं काळ्या कडांचा पांढरा चौकोन निघाला. लिफाफा आणि अर्ज दोन्ही घेऊन ती खाली आली आणि ते बनित्सेच्या तबकाशेजारी ठेवले.

लिफाफ्यावरचा शिक्का पाहून मामंजींनी खुर्ची मागं सरकवली. "हे तुझं खातं. मी वाचत नाही."

"हा तुमचा आहे."

"सूनबाई..."

"गुरुवारी तुम्ही सही केलीत, मामंजी. तुम्हाला वाचायलाच पाहिजे. मी तुमच्याकडून खोट्यावर सही करून घेतली."

मग मामंजींनी भिंग काढलं. सगळं वाचलं, ओळ न ओळ. उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. स्तोइल खिडकीशी पाठ करून उभा होता. हलव्यावर माशी बसली होती, ती कुणी हाकलली नाही.

"व्रण नाही," मामंजी म्हणाले.

"नाही."

"गुरुवारी मी लाकडावर टकटक केली."

"हो."

"तूही केलीस."

"हो, मामंजी." तिला आता रडू येत होतं, पण रडलं तर त्यांनाच तिची समजूत काढावी लागेल म्हणून ती रडली नाही.

स्तोइल वळला. "मीच सांगितलं होतं तिला, गप्प बस म्हणून. आणि तुम्ही काय केलंत, बाबा? आईला सांगितलं होतंत?"

"नाही," मामंजी म्हणाले. "म्हणून तर ती गेली नाही ना. मला म्हणायची, येत्या ईस्टरला. मी म्हणायचो, हो." त्यांनी कागद पहिल्या घडीवर घडी आणत लिफाफ्यात घातला. "तिनं घाई केली असती. काही ना काही करून आम्ही गेलो असतो."

मग ते नेद्यालकाकडे वळले. चेहरा दगडासारखा झाला होता. स्टेशनावर कुणाची चूक सापडली की व्हायचा तसा, असं स्तोइलनं नंतर सांगितलं.

"माफी दिली ती दिली. ती काही मी परत घेत नाही. तो गुरुवारचा कागद मात्र परत घ्यायचा. त्सोन्का कितीला उघडते?"

"नऊला."

"मग पावणेनऊला निघायचं." आणि थोड्या वेळानं, तिच्याकडे न बघता, "मला थोडी बनित्सा वाढ. उद्यापासून मिळायची नाही."

वर आल्यावर स्तोइल तिला एकच वाक्य बोलला. "बापाला मारलंस तू." ते खोटं आहे असं तिलाही वाटत नव्हतं.

सोमवारी सकाळी मामंजी पुढं आणि ती चार पावलं मागं, असे दोघं गेले. त्सोन्कानं जुना अर्ज त्यांच्या हाती दिला. त्यांनी स्वतःची सही एकदा पाहिली आणि कागद सावकाश, चार तुकडे करून फाडला. नेद्यालकानं स्वतः भरलेला अर्ज पुढं केला, तर ते म्हणाले, "हा तुझ्या हातचा आहे. मी माझ्या हातानं लिहीन. कोरा दे, त्सोन्के."

पुन्हा पहिल्यापासून. हृदयविकार, नाही. मधुमेह, नाही. इस्पितळ, हो. अकरावा आला तेव्हा मामंजींनी प्रश्न मोठ्यानं वाचला आणि 'हो' लिहिलं. "आजाराचं पूर्ण नाव. सांग."

"लिफाफ्यात आहे, मामंजी. बघून लिहा."

"तुला पाठ आहे. तू सांग."

साडेतीन महिने जे नाव तिनं स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं, ते तिनं त्या काचेच्या खोलीत उच्चारलं. एकेक शब्द करून. मामंजी लिहीत गेले. मधे थांबून म्हणाले, "जरा मोठ्यानं. ऐकू आलं नाही." तिनं मोठ्यानं सांगितलं. पलीकडे चांभाराची हातोडी थांबली.

त्सोन्का डोळे पुसत म्हणाली, "काका, मी खरं ते सांगते. एवढं लिहिल्यावर कंपनी डॉक्टरांचं पत्र मागेल. पत्र चांगलं असलं तर तातडीचा खर्च मिळेल. नाहीतर हा आजार बाजूला काढून बाकीचं देतील."

"बाकीचं म्हणजे?"

"पडणं, मोडणं, हार्ट अटॅक, सामान हरवणं."

"म्हणजे मरायचं झालं तर जरा बघून मरायचं. घसरून चालेल."

"काका!"

"आणि हे काय? 'मृतदेह मायदेशी आणण्याची सोय, हवी की नको.' हे गुरुवारी मला दिसलं नाही कसं?" त्यांनी भिंग जवळ नेलं. "दिसलं होतं. मी 'नको' लिहिलं होतं. कशाला अभद्र, म्हणून." त्यांनी तिथं 'हवी' लिहिलं. "गिनाशेजारी जागा घेऊन ठेवलीय माझी. रिकामी राहायला नको."

मग अकराव्याचाच उरलेला भाग, जो त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. "निदान कधी झालं? तारीख."

"काल," त्सोन्का घाईनं म्हणाली. "काल लिहा, काका. तुम्हाला कालच समजलं."

"प्रश्न निदान कधी झालं असा आहे. मला कधी समजलं असा नाही." त्यांनी सुनेकडे पाहिलं. लिफाफा उघडल्यापासून पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

"एकोणीस नोव्हेंबर," नेद्यालका म्हणाली.

मामंजींनी पेन टेकवलं, आणि लिहिता लिहिता थांबले. "एकोणीस. घरी आलो त्या दिवशी तू लाल भोपळ्याची गोड बनित्सा केली होतीस."

"हो."

"मी तीनदा मागून घेतली. तू काही म्हणाली नाहीस. पथ्य होतं ना?"

"हो, मामंजी."

"मला वाटलं, सून कशानं तरी खुशीत आहे आज." त्यांनी तारीख लिहून पुरी केली.

सही केली, तीच, शेपटी कडेपर्यंत ओढून. खाली साक्षीदाराची ओळ होती. गुरुवारी तिथं त्सोन्कानं सही केली होती. आजही तिनं पेन उचललं, पण मामंजींनी कागद तिच्यापुढून सरकवून नेद्यालकापुढं ठेवला.

"आधी वाच," म्हणाले. "चारही पानं. मग सही कर."

तिला सगळं पाठ होतं, तरी तिनं वाचलं. पहिल्यापासून, बोट ठेवून, मागची बाजूसुद्धा. डोळ्यांपुढं अक्षरं पसरायला लागली, तेव्हा मामंजींनी खिशातून भिंग काढून तिच्या हातात दिलं. इतक्या वर्षांत ते त्यांनी कुणाच्या हातात दिलं नव्हतं. ते माफीचं होतं की शिक्षेचं, हे नेद्यालकाला त्या दिवशी कळलं नाही. आणि पुढं ते जेरुसलेमला जाऊन, कफन घेऊन, हाजी लाझार होऊन परतले, भोपळे पिकेपर्यंत राहिले आणि गिनाशेजारी गेले, तरी विचारायचं तिला धाडस झालं नाही. तिनं भिंग अकराव्या प्रश्नावर धरलं, 'हो' वाचलं, तारीख वाचली, आणि त्यांच्या सहीखाली स्वतःचं नाव लिहिलं.